अर्जवाले सर

परवा भर दुपारी फोंड्यात झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. दुकानातल्या पोराने मोबाइलवर बोटं फिरवली आणि मामलेदाराला द्यायचा इंग्रजी अर्ज छापून म्हाताऱ्या गिऱ्हाइकापुढे टाकला. एक शब्द विचारला नाही त्याला.

आमच्या वाड्यावरचे सर तासभर विचारायचे. पणजीच्या कॉलेजात ते इंग्रजी साहित्य शिकवत. १९६२ला पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले कॉलेज निघालं. त्याआधी शिकायचं तर बेळगाव नाहीतर मुंबई. सर बेळगाववाले. कॉलेजं आधी मुंबई विद्यापीठाची होती, १९८५ला गोवा विद्यापीठ आलं. वर्गात ते मिल्टन कसा शिकवायचे, देव जाणे. वाड्यावर मिल्टनची चौकशी कोण करतो? "सर, एक अर्ज बरोवन दियात," एवढंच. गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त झाल्यावर कचेरीतले कागद पोर्तुगीजमधून इंग्रजीत गेले आणि चांगले जाणते म्हातारे आंगठेबहाद्दर ठरले.

संध्याकाळी सर बसमधून उतरून पाय धुवेपर्यंत सोप्यावर कोणीतरी येऊन बसलेलं असायचंच. कोऱ्या कागदांमध्ये कार्बन घालून द्यायचं काम माझं. बोटं निळी व्हायची, ती मी चड्डीला पुसायचो.

एकदा एक मुंडकार बाई आली, भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारी. मुंडकारांना संरक्षण देणारा १९७५चा कायदा झालेला, पण भाटकार छपराला हात लावू देत नव्हता. सर म्हणाले, "पावसात निजता कुठं?" बाई म्हणाली, चुलीकडे. "आणि पोरं?" मधे. "चूल पेटते?" बाई हसली. सरांनी ते सगळं घातलं अर्जात: कुजलेली झापं, ओली लाकडं, मधे निजलेली पोरं. मग मोठ्याने वाचलं, एक स्वल्पविराम खोडला, पुन्हा वाचलं. बाईला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, तरी ती मान डोलवत होती. उत्तरपत्रिकांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा तसाच कोपऱ्यात.

इंग्रजीचे प्राध्यापक मी पुढे बरेच पाहिले. कवितेची ओळ न् ओळ सोलून देणारे. पण चूल पेटते का, हे विचारणारा दुसरा भेटला नाही. (सरांच्या बायकोचं मत वेगळं होतं. "फुकटचा कारकून," म्हणायच्या.)

मामलेदाराने त्यातलं किती वाचलं, कोण जाणे. खटला रेंगाळला, तारखा पडत राहिल्या. घर शेवटी झालं, मुलाच्या नावावर. बाई तोवर गेली होती.