गाणं कधी सुरू होणार?

"डीजे, गाणं कधी सुरू होणार?"

काल पार्टीत एका मुलीने कन्सोलवर वाकून, अगदी प्रेमाने विचारलं. मी वीस मिनिटं अ‍ॅसिड हाउस (यंत्रांवर बनणारं नाचाचं संगीत) वाजवत होतो!

तिचं चुकलं नाही. शब्द नाहीत, मुखडा नाही, तिने धरायचं काय? (माझाही हट्ट होताच.)

ज्या टीबी-३०३ मधून अ‍ॅसिड हाउसचा तो चिरका, पिळलेला आवाज येतो, ते यंत्र १९८१ मध्ये गिटारवाल्यांना बेसची साथ म्हणून आलं आणि सपशेल आपटलं. शिकागोच्या पोरांनी ते सेकंडहँड घेतलं, नॉब पिळत बसले, तेव्हा कुठे हे संगीत निघालं.

शेवटी एक हिट गाणं लावलं. फ्लोअर भरला. खाली ३०३ची बेसची ओळ मात्र हळूच चालू ठेवली.

ती मुलगी नेमकी त्याच ओळीवर मान हलवत होती. की मलाच तसं वाटलं?