दोन काटे, एकच खोटं

"मिस्त्री, हा काटा खरं बोलायला लागेपर्यंत मी ह्या गाडीत बसणार नाही," काकूंनी उतरता उतरताच सांगून टाकलं. काका मागं उभे राहून चष्मा पुसत होते.

झालं होतं असं. एका रविवारी दोघं बेळगावहून चोर्ला घाटाच्या रस्त्यानं गोव्याला निघाले. जांबोटी गेली, कणकुंबी मागं पडली आणि गाडी थांबली. पेट्रोल संपलं. काटा मात्र पाव टाकी दाखवत होता. मृगाचा पाऊस, दोन्ही बाजूंना जंगल, मोबाईलला रेंज नाही. दोन तासांनी एका टेम्पोवाल्यानं बाटलीभर पेट्रोल दिलं. "गोव्यात स्वस्त मिळतंय म्हणून इथं भरलं नाही," काका पुटपुटले. काकूंनी नुसतं बघितलं त्यांच्याकडं.

गाडी म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर, दोन सीटांची इंग्रजी स्पोर्ट्स कार, मार्क टू, १९६६ ची. आमच्या तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या गॅरेजात असली गाडी रोज येत नाही, पण मला ती अगदीच परकीही वाटली नाही. हिची चासी ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीवरून घेतलेली, आणि हेराल्ड मद्रासला बनत होती. माझे वस्ताद हेराल्डवरच हात बसवून शिकले. बॉनेट मडगार्डांसकट सगळं पुढं उलटतं. पुढच्या चाकावर बसायचं आणि काम करायचं, कंबर मोडत नाही. आजच्या गाड्या बनवणाऱ्यांनी हे एकदा बघून जावं.

मीटर डॅशबोर्डाच्या मधोमध. त्यामुळं काकूंनीही तो पाव टाकीचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. काकांना काही लपवायची सोय नव्हती.

ह्याआधी दोन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. एकानं मीटर खराब म्हणून सांगितलं, काकांनी इंग्लंडहून नवा मागवला. फरक शून्य. दुसरा म्हणाला टाकीत तरंगून पातळी सांगणारा फ्लोट गेलाय. तोही आला, बसला. काटा तिथंच. आणखी एक दुखणं वेगळं म्हणून सांगितलं गेलं: गाडी गरम होते. टेंपरेचरचा काटा 'एच'च्या, म्हणजे हॉटच्या, टोकाला जातो. त्यावर थर्मोस्टॅट काढून झाला होता आणि आता इंजिनाचं हेड उतरवायची भाषा चालू होती.

मी इंजिन अर्धा तास चालू ठेवलं आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला. जेवढं गरम असायला हवं तेवढंच. काटा मात्र 'एच'वर. म्हणजे एक मीटर पेट्रोल जास्त सांगतोय, दुसरा उष्णता जास्त सांगतोय. दोन साक्षीदार एकाच दिशेनं खोटं बोलायला लागले की साक्षीदारांना मारण्यात अर्थ नसतो, त्यांना पढवून कोण पाठवतंय ते बघायचं.

पढवणारा असतो व्होल्टेज स्टॅबिलायझर. काडेपेटीपेक्षा लहान पत्र्याची डबी, डॅशबोर्डामागं एका स्क्रूवर बसवलेली. ह्या गाडीचे दोन्ही मीटर वीज मोजत नाहीत, गरमी मोजतात. आत दोन धातूंची जोडपट्टी, तिच्यावर तारेचा वेढा. वेढा तापला की पट्टी वाकते, काटा सरकतो. बॅटरीचा व्होल्टेज बारा, डायनमो जोरात असला की चौदा, असा वरखाली होत राहिला तर काटाही वरखाली होणार. म्हणून ही डबी. तिच्यातही तसलीच पट्टी: तापली की संपर्क तोडते, थंड झाली की जोडते, आणि ह्या तोडजोडीची सरासरी दहा व्होल्ट पडते. मीटर इतके सुस्त की त्यांना ती टिकटिक कळतही नाही.

पण डबीतला वेढा तापायला डबीला अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीशी विजेचा जोड, मिळायला हवा, आणि तो मिळतो त्या एका स्क्रूतूनच. अर्थ तुटला की वेढा तापत नाही, संपर्क तुटत नाही, सगळा व्होल्टेज थेट मीटरला. दोन वर्षांपूर्वी गाडीला नवा रंग मारला होता. स्क्रू काढला, खाली चकचकीत रंगाचा थर. पॉलिश पेपरनं पत्रा घासून पांढरा केला, स्क्रू आवळला. दोन मिनिटांत दोन्ही काटे हळूहळू खाली आले, बैल गोठ्यात शिरावेत तसे.

माझा पोऱ्या हिरेबागेवाडीकडचा, घरी कन्नड. "अण्णा, मुळ्ळु केळग बंत!" काटा खाली आला म्हणून ओरडला. आम्ही मराठीत काटा म्हणतो, तो मुळ्ळु म्हणतो, आणि दोन्हीकडं पायात मोडणाऱ्यालाही तोच शब्द आहे. चोर्ल्यात काकूंच्या पायात मोडला तो हाच.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पिरनवाडीपर्यंत ट्रायल मारून परत येईस्तोवर काटे थरथरायला लागले आणि गेटाजवळ दोन्ही शून्यावर पडले. डबी उघडली तर आतले पॉइंट जळून काळे. इतक्या वर्षांची टिकटिक, कुठवर टिकणार.

मी म्हटलं, नवी डबी इंग्लंडहून कशाला? माझ्याकडं ७८१० पडला होता, तीन पायांचा रेग्युलेटर, बारा घ्या नि दहा द्या. जुनी डबी पोकळ केली, आत रेग्युलेटर स्क्रूनं कसला, सोल्डर मारलं. पाच ॲम्पियरचा फ्यूज मध्ये घातला, सवयीनं. लाईन जोडली.

फट्. फ्यूज गेला, रेग्युलेटरमधून धुराची बारीक रेघ आणि तो वास. काका दोन पावलं मागं सरले.

पोऱ्या काहीच बोलला नाही. तेव्हा मला आठवलं. सकाळी बॉनेट उघडल्याबरोबर तो म्हणाला होता, "अण्णा, ब्याटरी उल्टा ऐती." आणि मी त्याला झापलं होतं, "तू तुझं काम कर." मी जाऊन बघितलं. जाड पट्टी बॉडीला गेलेली, ती पॉझिटिव्हवरून.

पॉझिटिव्ह अर्थ. मार्क टूपर्यंत स्पिटफायर तशीच यायची. १९६७ ला मार्क थ्री आली तेव्हा निगेटिव्ह झाली. मला हे माहीत नव्हतं असं नाही. वस्तादांनी सांगितलेलं होतं. पण बावीस वर्षं निगेटिव्ह अर्थच्या गाड्या हाताखालून गेल्यावर हात डोक्याला विचारत नाही. सकाळी मल्टीमीटरचा काटा उलटा गेला तेव्हा मी मुकाट प्रोबची अदलाबदल केली होती. तापणाऱ्या पट्टीला उलटसुलट कळत नाही, म्हणून तोवर सगळं ठीक चाललं. रेग्युलेटरला बरोबर कळतं.

उलट्या अर्थला उलट्या जातीचा रेग्युलेटर लागतो. ७९१० गावात मिळाला नाही, एलएम ३३७ मिळाला. त्याला दोन रेझिस्टन्स लावून हवा तो व्होल्टेज काढता येतो: एका बाजूला १२० ओहम, दुसऱ्या बाजूला ८२० आणि २२ एकापुढं एक. हिशेब दहा व्होल्टला लागतो. ह्याची पाठ मात्र अर्थ नसते, इनपुट असते. डबीला थेट टेकली तर पुन्हा फट्. मध्ये अभ्रकाचा पापुद्रा आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं बूच घातलं. ह्या वेळी लाईन जोडायच्या आधी पोऱ्याला बोलावलं. "बघ रे." त्यानं वाकून बघितलं, बॅटरी बघितली, मान हलवली. मग जोडली.

टाकी रिकामी करून मापानं पाच-पाच लिटर ओतत गेलो. दर वेळी चावी फिरवायची, काटा चढून थांबेपर्यंत वाट बघायची, काकांनी वहीत लिहायचं. टाकी सदतीसेक लिटरची. वीस लिटरला काटा अर्ध्याच्या जरा वर उभा राहिला. मग अर्धा तास इंजिन चालवलं, टेंपरेचरचा काटा मध्यावर येऊन बसला. हेड जागेवरच राहिलं, थर्मोस्टॅट परत बसला.

बिल ऐकून काका हसले की रडले ते कळलं नाही. सगळं सामान दोनशे रुपयांच्या आत, आणि डिकीत इंग्लंडहून आलेल्या मीटरचा खोका. तुमचा जुना मीटर चांगलाच होता, हे मी सांगायला नको होतं. काकू शेजारीच होत्या.

जाताना बॅटरीशेजारी पांढऱ्या ऑइल पेंटनं मी लिहिलं, 'बॉडीला पॉझिटिव्ह'. पोऱ्यानं ब्रश मागून घेतला आणि खाली तेच कन्नडात लिहिलं, माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात.

"आता बसणार की?" काकांनी विचारलं. काकूंनी आधी पाच लिटरचा कॅन डिकीत ठेवला, मग बसल्या.