पैठण समुद्रात पडलं तो दिवस

सकाळी क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठवाड्यातल्या संग्रहालयांची फाईल उघडली, आणि पैठण नॉर्वेच्या उत्तरेला भर समुद्रात उमटलं. मोबाईलवरच्या नकाशातून उचललेल्या आकड्यांत आधी अक्षांश येतो, मग रेखांश: 19.48, 75.38. क्यूजीआयएसच्या एक्स रकान्यात मात्र रेखांश लागतो. रकाने उलटे गेले की पैठण थेट 75 उत्तर अक्षांशावर जातं.

ही चूक लगेच डोळ्यात भरते, म्हणून तिची भीती नाही. भीती आहे ती मिनिटांची. जुन्या कागदावर 19 अंश 29 मिनिटं असं असतं आणि टाइप करणारा 19.29 लिहून मोकळा होतो. 29 मिनिटं म्हणजे 0.48 अंश. अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटरचा, म्हणजे ठिपका जवळजवळ 21 किलोमीटर दक्षिणेला, गोदावरीपलीकडे सरकतो. तिथेही गावं आहेत, शिवारं आहेत, त्यामुळे कुणालाच शंका येत नाही. म्हणून प्रत्येक ठिपका उपग्रहचित्रावर ठेवून, इमारत दिसेपर्यंत मोठं करून बघायचं. याला दुसरा उपाय नाही.

दुसरा अडथळा नावांचा. लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतून घेतलेली, तिथे औरंगाबाद आणि उस्मानाबाद. संग्रहालयांची यादी नवी, तिच्यात 2023 नंतरची छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं. बीडचं इंग्रजी स्पेलिंग जनगणनेत वेगळं, यादीत वेगळं. या दोन याद्यांची नावावरून जोडणी केली तर हे तीन जिल्हे कोरे राहतात, आणि नकाशा पाहणाऱ्याला वाटतं तिथे काहीच नाही. जोडणी कोडवरूनच करायची: जनगणनेत गावाला सहा आकडी कोड असतो. त्यातून दशकांची तुलना करायची तर आणखी जपावं लागतं. जालना 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये आणि हिंगोली 1999 मध्ये वेगळा झाला. 1971 च्या परभणीत आजचा हिंगोली धरलेला आहे, हे विसरलं तर परभणीची घसरण झाली असा खोटाच निष्कर्ष निघतो.

दुपारी संग्रहालयांच्या संख्येप्रमाणे तालुकावार रंग भरले. 76 तालुक्यांत बहुतेक पांढरे, म्हणजे शून्य. इथे मी थांबलो, कारण तालुक्याच्या हद्दीला माणसं जुमानत नाहीत. तेरचं रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय घ्या. तेर म्हणजे प्राचीन तगर, सातवाहन काळातलं व्यापारी गाव. ते आज धाराशिव तालुक्यात येतं. लातूर तालुक्यातलं मुरूड तिथून सरळ रेषेत वीसेक किलोमीटरच्या आत आहे, पण तालुक्याच्या रंगात मुरूडच्या वाट्याला तेर येतच नाही. म्हणून रंग पुसले आणि प्रत्येक गावापासून जवळच्या संग्रहालयापर्यंतचं अंतर काढायला घेतलं.

त्यासाठी पैठणभोवती 25 किलोमीटरचं वर्तुळ ओढलं, तर ते नाथसागरावरून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावरून, पलीकडच्या काठाला गेलं. वर्तुळाला पाणी दिसत नाही. एसटी मात्र रस्त्यानेच जाते, म्हणून अंतर रस्त्यांच्या जाळ्यावरून मोजावं. ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांसाठी खुल्या नकाशातले रस्ते चालतात, पण आधी तुटलेली टोकं जुळवून घ्यावी लागतात. एक पूल जोडलेला नसला तरी अख्खं खोरं वेगळं पडतं. अंतर मीटरमध्ये हवं म्हणून यूटीएम (पृथ्वीचे सहा-सहा रेखांशांचे पट्टे करून मीटरमध्ये मोजायची पद्धत) मधला पट्टा 43 निवडला. माहूर त्यात बसतं, किनवट 78 रेखांशाच्या पूर्वेला म्हणजे पट्टा 44 मध्ये जातं. तेवढ्यासाठी पट्टे बदलू नयेत. 43 च कायम ठेवला तर फरक अगदी किरकोळ येतो.

मराठवाड्याच्या हद्दीवरच डेटा कापणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी सवय. उदगीरकराला बिदरचा किल्ला आणि तिथलं संग्रहालय लातूर शहराइतकंच जवळ आहे. निदान 75 किलोमीटरची बाहेरची कड ठेवावीच, नाहीतर सीमेवरची गावं आहेत त्यापेक्षा वंचित दिसतात.

एवढं सगळं करूनही संध्याकाळी अंबाजोगाईवर नजर अडली. शासकीय संग्रहालयांच्या यादीत तिच्यासमोर शून्य होतं. जिथे संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, सुमारे 40 हात लांब कापडावर लिहिलेलं पंचीकरण हे वेदान्तावरचं काव्य, त्या गावाला आमच्या तक्त्याने शून्य दिलं होतं! पासोडी देवघराच्या परंपरेत जपली गेली आणि तक्त्यात तसा रकानाच नव्हता. हे पाहून मला फार वाईट वाटलं. आकडा चुकीचा नव्हता, आम्ही प्रश्नच चुकीचा विचारला होता.

त्याच रात्री दुसरा तक्ता सुरू केला: काय आहे, कोणाकडे आहे, पाहायला केव्हा मिळतं, किती दिवस. सुट्टीचा रकाना वेगळा ठेवला, कारण अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. जत्रांसाठी इंग्रजी तारीख न भरता तिथी भरली. नाथषष्ठी म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठी, तिची तारीख दरवर्षी सरकते. त्या-त्या वर्षाची तारीख शेजारच्या रकान्यात. मग वाचनालयांची यादी घेतली, अ, ब, क, ड वर्गासकट. ती जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये होती, म्हणून आधी युनिकोड करून घेतली. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, ती हाताने तपासावी लागतात.

नकाशावर संग्रहालयं गोल ठिपक्यांनी दाखवली होती. अंबाजोगाईवर त्या रात्री पहिला चौकोन आला.