जवसाची तडतड

आज रविवार. सकाळी सकाळी पोरीचा नागपूरहून फोन, आई मला फ्लॅक्स सीड्स पाठव, ओमेगा थ्री असतं त्यात, होस्टेलवर सगळ्या पोरी खातात, इथं पुडा लय महाग पडतो. मी म्हटलं अगं बाई, तो आपला जवस! ती गप्पच झाली. शाळेत असताना डब्यात जवसाची चटणी दिली की हीच पोरगी डबा तसाच परत आणायची, काळपट दिसते म्हणून.

तिला काय बोलू, मी तरी काय वेगळं केलं. 2016 ला जिओ आला, नेट स्वस्त झालं अन् मी रोज रात्री रेसिप्या पाहत बसायची. पास्ता केला, मेयोनीज केलं, पाहुण्यांपुढं भाकर-चटणी ठेवायची लाज वाटायला लागली. त्या लाजेचं आज खरंच वाईट वाटते.

दुपारी जवस भाजायला घेतला. फोनवर म्हणे मध्यम आचेवर पाच मिनिटं. सासूबाई ओसरीतून ओरडल्या, "फोनात कायले पायतेस, कान दे न तिकडं!" खरंच आहे, जवस तडतडायला लागला की दाणे कढईबाहेर उडतात, झाकण धरावं लागते, अन् तडतड मंदावली की लगेच उतरवायचा, नाहीतर कडू होतो. मग पुरता थंड झाल्यावर लाल मिरची, लसूण, मीठ टाकून कुटायचा, गरम कुटला तर तेल सुटून गोळा होतो.

लाखोरीचं, म्हणजे आमच्याकडच्या लाखेच्या कडधान्याचं, मात्र फोननं घरात भांडण लावलं. लाखोरीनं पाय लुळे पडतात असा व्हिडिओ पाहिल्यापासून पोरगी त्या भाजीला हात लावत नाही. ते खोटं नाही, दुष्काळात महिनोन्महिने नुसत्या लाखोरीवरच जगलेल्या लोकांचे पाय गेले, 1961 ला महाराष्ट्रात तिच्या विक्रीवर बंदीही आली. पण व्हिडिओत दुष्काळाचं नावच नाही! आली की तिला नीट समजावून सांगीन.

आमच्याकडं आधी धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, लाखोरी अन् जवसाचं बी फेकायचे, उतेरा म्हणतात त्याला. आता बांधीत जवस नाही, हा बाजारातून आणला. भाजायच्या आधी सासूबाईंनी त्यातला शेरभर काढून गाडग्यात ठेवला, यंदा धानात टाकायला.