लाल टोपणाची सिरिंज

१७ सप्टेंबरला आपल्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. जागतिक आरोग्य संघटनाही २०१९ पासून हाच दिवस रुग्ण सुरक्षा दिन म्हणून पाळते आणि २०२२ मध्ये तिने त्यासाठी औषधांची सुरक्षितता हा विषय घेतला होता. फार्मसीची विद्यार्थिनी म्हणून लातूरच्या एका मेडिकलमध्ये प्रशिक्षण घेताना मला हा विषय वर्गापेक्षा काउंटरवर अधिक कळला. औषध बरोबर, चिठ्ठी स्वच्छ, डोसही योग्य, आणि तरीही घरी गेल्यावर घात होऊ शकतो, हे तिथे समजते.

औशाहून आलेल्या एका आजींनी इन्सुलिनच्या सिरिंज मागितल्या. आमच्या फार्मासिस्ट मॅडमनी त्या काढून देण्याआधी विचारले, "आजी, औषध कशातून काढता?" आजींनी पिशवीतून इन्सुलिन टोचायच्या पेनात बसवायचे कार्ट्रिज, म्हणजे औषध भरलेली छोटी नळी, काढून दाखवले. "पेन बिघडलंय बाई, आता नातू सुईनंच ओढून देतो म्हणतोय."

आपल्याकडे कुपीतल्या इन्सुलिनमध्ये बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, तर कार्ट्रिजमध्ये १००. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या औषधासाठी असते, नारिंगी टोपणाची १०० च्या, आणि सिरिंजवरच्या युनिटच्या रेघाही त्याच हिशोबाने आखलेल्या असतात. कार्ट्रिजमधले औषध लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढले, तर अर्धा मिलिलिटर येते, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट. रात्री जेवून निजलेल्या माणसाची शुगर पहाटेपर्यंत इतकी उतरू शकते की हाका मारूनही तो उठत नाही. उलट ४० च्या कुपीतून नारिंगी टोपणाच्या सिरिंजने त्याच रेघेपर्यंत ओढले, तर अंगात फक्त ८ युनिट जातात. हा प्रकार मला अधिक फसवा वाटतो, कारण शुगर हटत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात आणि पुढे कधी योग्य सिरिंज हाती आली, की तो वाढीव डोस पुरताच लागू होतो. मॅडमनी डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या सांगण्यावरून पेन मिळेपर्यंत ४० ची कुपी आणि तिचीच सिरिंज दिली, आणि फोनवर नातवाकडून सगळे पुन्हा वदवून घेतले.

संधिवातासाठी दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या गोळीबाबतही असेच जपावे लागते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली, तर तोंड येते, पांढऱ्या पेशी घटतात आणि जिवावर बेतू शकते. तिच्याबरोबर दिली जाणारी फॉलिक ॲसिडची गोळीही बहुधा तशीच लहान, पिवळी असते, त्यामुळे घरात अदलाबदल होणे सोपे. मॅडम पाकिटावर ठळक अक्षरांत वाराचे नाव लिहितात, 'दर गुरुवारी, एकदाच', आणि मला ही पद्धत सर्व दुकानांत सक्तीची व्हावी असे मनापासून वाटते.

आणखी एक गोष्ट पट्टी कापण्याची. चार गोळ्या मागितल्या, की पट्टी कापली जाते. मुदतीचा छाप असलेला तुकडा दुकानात राहतो आणि गिऱ्हाइकाच्या हाती पुष्कळदा नावही अर्धवट असलेला तुकडा जातो. महिन्याने तोच रिकामा तुकडा शेजाऱ्याच्या हाती देऊन "हीच गोळी आण" असा निरोप येतो, तेव्हा ती गोळी नेमकी कोणती होती हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून सुट्या गोळ्या देताना मी आता पाकिटावर औषधाचे नाव, त्याची ताकद आणि मुदत लिहूनच देते, बाजाराच्या दिवशी कितीही गर्दी असली तरी.