घरी रियाज होत नाही

"तुम्ही घरी रियाज कसा करता?" कार्यक्रम संपल्यावर मी सहज विचारलं.

सारोन, म्हणजे हातोडीने वाजवायचं काशाच्या पट्ट्यांचं वाद्य, वाजवणाऱ्या काकू म्हणाल्या, "घरी नाहीच करत. सगळे जमलो की करतो."

काल संध्याकाळी सिंगापूरच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये जावाच्या गामेलनचा (म्हणजे तिथल्या पारंपरिक वाद्यवृंदाचा) आणि नृत्याचा विनामूल्य कार्यक्रम होता. नृत्य देखणंच. कमरेच्या ओढणीचं टोक बोटांत धरून नर्तकी ते अलगद झटकून सोडायची, तेव्हा माझे डोळे तिथून हलत नव्हते. पण डोक्यात राहिलं ते काकूंचं उत्तर.

गामेलनची काशाची वाद्यं अख्ख्या संचासाठी घडवतात. त्यांचे सूर एकमेकांशीच जुळवलेले असतात, त्यामुळे एका संचातलं सारोन दुसऱ्या संचात बसेलच असं नाही. सगळ्यात मोठी गाँग तर आवर्तन पूर्ण झालं की एकदाच घुमते. ती वाजवणारे आजोबा त्या एका ठोक्यासाठी सगळा वेळ कान देऊन बसले होते. स्वतःचा ठोका नसतानाही ते पूर्ण वादनात होते, हे मला फार मोठं वाटलं.

आणि हो, वाद्य ओलांडायचं नाही, वळसा घालून जायचं. अगदी आपल्यासारखंच!

आपण रियाज म्हटलं की पहाटे एकटा बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणतो. पण भजनी मंडळात तरी कुठे कोणी एकट्याने शिकतं? टाळ देवळात, शिकणंही तिथेच, सगळ्यांच्या मध्ये बसून.

तुमच्यापैकी कोण असं शिकलंय? पहिल्यांदा हातात काय दिलं होतं?