कशालाही न जोडलेला दांडा

मुंबईच्या विमानतळावरील हँगरमध्ये अकरा वर्षे जेट विमानांची देखभाल केल्यानंतर मी इंग्लंडला आले आणि तिथल्या एका लहानशा विमान-संग्रहालयाच्या कार्यशाळेत जुन्या विमानांच्या डागडुजीचे काम मला मिळाले. 2013 च्या नोव्हेंबरमधील ज्या दिवसाबद्दल मी लिहिते आहे, त्या दिवशी माझ्यासमोर लाकडी घोड्यांवर एअरस्पीड ऑक्सफर्ड या विमानाचा फक्त पुढचा भाग, म्हणजे नाक आणि कॉकपिट, ठेवलेला होता. पंख, इंजिने आणि प्रॉपेलर यांपैकी काहीही आमच्याकडे नव्हते. ही गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जी फजिती झाली तिचे निम्मे कारण हेच आहे. उरलेले निम्मे कारण मी स्वतः.

ऑक्सफर्डचे पहिले उड्डाण जून 1937 मध्ये झाले. तोवर ब्रिटिश हवाई दलात ब्लेनहाइम, वेलिंग्टन यांसारखी दोन इंजिनांची बाँबफेकी विमाने येऊ घातली होती; त्यांची चाके आत ओढून घ्यावी लागत, उतरताना पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली सोडावे लागत आणि प्रॉपेलरच्या पात्यांचा कोनही वैमानिकालाच बदलावा लागे. एका इंजिनाच्या, उघड्या कॉकपिटच्या दुपंखी विमानावर शिकलेल्या मुलाला एकदम त्यात बसवणे धोक्याचे होते, म्हणून मधली पायरी म्हणून हे विमान बांधले गेले. आर्मस्ट्राँग सिडली कंपनीची सुमारे साडेतीनशे अश्वशक्तीची दोन चीता इंजिने, शेजारी-शेजारी बसणाऱ्या गुरू-शिष्यांसाठी दुहेरी नियंत्रणे आणि सांगाडा जवळजवळ संपूर्ण लाकडाचा. अशी साडेआठ हजारांहून अधिक विमाने तयार झाली आणि ती बनवण्याच्या कामात पोर्ट्समथच्या मूळ कारखान्याबरोबर कॉव्हेन्ट्रीचा एक मोटार-कारखानाही होता. लाकडी असल्यामुळेच आज त्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. ओल शिरली की सरस सुटतो, प्लायवुडचे पापुद्रे निघतात आणि वरून धडधाकट दिसणारी फळी बोटाने दाबताच आत जाते.

त्या दिवशीचे काम साधे होते. कॉकपिटमधील प्रत्येक नियंत्रण कोणत्या केबलला किंवा दांडीला जोडलेले आहे ते तपासायचे, त्याची नोंद करायची आणि चिठ्ठी बांधायची. थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा), मिक्स्चर (इंधन आणि हवेचे प्रमाण ठरवणारा दांडा), चाके, फ्लॅप या सर्वांच्या तुटलेल्या का होईना, पण जोडण्या सापडत गेल्या. थ्रॉटलच्या शेजारच्या एका दांड्यापाशी मात्र मी अडकले. तो प्रॉपेलरच्या पात्यांचा कोन बदलण्याचा दांडा होता. तो पुढे-मागे व्यवस्थित सरकत होता, दोन्ही टोकांना बेताने अडत होता, मुठीवरचा काळा रंग अंगठ्याच्या जागी झिजून खालचा धातू दिसत होता. म्हणजे तो भरपूर वापरलेला होता. पण खाली आरसा धरून पाहिले तर त्याच्या मुळाशी काहीच नव्हते. केबल नव्हती, पुली नव्हती, पुली बसवल्याची भोकेही नव्हती.

आता खरे तर त्या न पाडलेल्या भोकांवरूनच मला उमजायला हवे होते. पण अकरा वर्षांच्या सवयीने माझ्या मनात एकच गोष्ट पक्की होती, की कॉकपिटमधला दांडा कशाला तरी जोडलेला असतोच. मी जमिनीच्या दोन फळ्या उचकटल्या, तारेला बांधलेला दिवा आत सोडला आणि जेवणाची सुट्टीही न घेता तीन तास ती केबल शोधत राहिले. शेवटी ‘जोडणी गहाळ’ अशी चिठ्ठी बांधली, तिथे काय असायला हवे याचे कच्चे रेखाचित्र काढले आणि भांडाराकडे केबलची मागणीही पाठवून दिली.

दुपारी चारच्या सुमारास आमच्याकडे अधूनमधून येणारे एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी 1952 साली याच प्रकारच्या विमानावर दोन इंजिनांचे प्रशिक्षण घेतले होते. आत बसून पाहू का, असे त्यांनी विचारले. मी स्टूल लावले, आणि गुडघे सांभाळत ते डाव्या बाजूच्या आसनावर टेकले. काही वेळ ते समोरच्या रिकाम्या चौकटींकडे पाहत राहिले. मग ओठांतल्या ओठांत पुटपुटू लागले, ब्रेक, चाके, मिक्स्चर, आणि त्यांचा उजवा हात एकेका जागी जाऊ लागला. चौथ्या शब्दाला, ‘पिच’ (पात्यांचा कोन) म्हणताच, त्यांच्या हाताने न पाहता तो दांडा पुढे ढकलला. त्याला बांधलेली माझी चिठ्ठी त्यांच्या मनगटाला लागली, तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिले.

चिठ्ठी वाचून ते इतके हसले की त्यांना खोकला आला. या विमानाचे प्रॉपेलर लाकडी आणि स्थिर कोनाचे होते, त्यांची पाती फिरणार कशी, असे त्यांनीच मला उलट विचारले. दांडा केवळ सवयीसाठी बसवलेला होता. उतरण्यापूर्वी तो ‘कोर्स’वरून (पात्यांचा जास्त कोन) ‘फाइन’वर (कमी कोन) न्यायचाच, असा दंडक होता, आणि शिष्य विसरला तर शेजारचा गुरू त्याला बोलणी ऐकवत असे. कारण पुढच्या खऱ्या विमानात हेच विसरले आणि ऐन वेळी उतरणे रद्द करून पुन्हा वर जावे लागले, तर इंजिनाला पूर्ण फेरे घेता येत नाहीत. खंबाटकीचा चढ चौथ्या गिअरमध्ये चढू पाहणाऱ्या गाडीसारखी विमानाची गत होते, फरक इतकाच की विमानाला वाटेत थांबता येत नाही. विमानाच्या वजनात एका निरुपयोगी दांड्याची जाणूनबुजून भर घालणारा तो अभिकल्पक मला त्या क्षणी फार हुशार वाटला, आणि स्वतःचा मात्र थोडा रागही आला.

त्यांना खाली उतरवून मी दोन्ही फळ्या पुन्हा बसवल्या. चिठ्ठी बदलून ‘जोडणी मूळचीच नाही, दांडा हलता ठेवावा’ असे लिहिले आणि दांड्याच्या खिळीला थेंबभर तेल दिले. भांडारातून केबलची मागणी मागे घेताना कारणाचा रकाना भरणे सक्तीचे होते. तिथल्या कारकुनाने दिलेल्या पर्यायांपैकी एकही लागू पडेना, म्हणून मी शेवटच्या मोकळ्या ओळीत ‘भाग कधीच अस्तित्वात नव्हता’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी तो कागद ‘अधिक स्पष्टीकरण द्यावे’ या शेऱ्यासह परत आला.